शिळं पाणी

"ते मासे मारणारे चाचा गेले म्हणे."

गणिताच्या मॅडम डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या. हिंदीच्या सरांना पटकन आठवेना. "कोणते चाचा?"

"अहो, लॅबमधले. इन्स्पेक्शनच्या दिवशी ज्यांनी सगळे मासे मारून ठेवले होते."

"हां हां, ते होय. काय झालं होतं?"

"हार्टचं. मंगळवारी. अमडापूरला, घरीच."

मग लोणच्याची बाटली टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली आणि विषय संपला. मी खिडकीजवळ बसून वह्या तपासत होते. माझं पेन एका मुलाच्या अगदी बरोबर उत्तरावर थांबलं होतं. मी त्यावर खूण केली आणि पान उलटलं.

सतरा वर्षांची नोकरी. त्यातून शाळेच्या लक्षात एवढंच राहिलं. आणि तेही खोटं. चाचांनी मासे मारले नव्हते. हे आमच्या शाळेत दोघींना माहीत आहे. एक प्रिन्सिपल मॅडम, आणि दुसरी मी.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शाळेत, दवाखान्यात, बँकेत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेली. त्यांच्याशिवाय एकही कपाट उघडत नाही, पण ग्रुप फोटोत ती कडेला अर्धी कापली जातात. आमचे चाचा तसे होते. अंगाने किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी, खाकी शर्टाला कडक इस्त्री. डाव्या अंगठ्यावर काचेने कापल्याची जुनी पांढरी रेघ. मस्टरवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते फक्त सही करताना लागायचं.

आमची शाळा गावाबाहेर, सोयाबीनच्या वावरांमध्ये आहे. इंग्लिश मीडियम. मी तिथे जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मीही अशाच शाळेत शिकले. त्यामुळे मला इंग्रजी लिहिता चांगलं येतं आणि बोलता कुठलीच भाषा येत नाही. स्टाफरूममध्ये चारजणांसमोर डबा खायचा म्हटलं तरी घास अडकायचा. म्हणून मी लॅबमध्ये खायचे. चाचा तिथे स्लाइडी पुसत बसलेले असायचे. पहिले दोन आठवडे आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं, खिडकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, तिकडं तोंड करून बसजा. जेवन चांगलं जाते."

खिडकीत त्यांची पेटी होती.

ते तिला पेटीच म्हणत. फिश टँक वगैरे शब्द त्यांना आवडत नसत. दोन फूट लांब, दीड वीत रुंद, काचेची. शाळेत लागण्याआधी ते गावातल्या एका काचेच्या दुकानात फोटोला फ्रेमा करायचे. शाळेच्या जुन्या खिडक्या काढल्या तेव्हा त्यातल्या धड काचा त्यांनी मागून घेतल्या, कापल्या, सिलिकॉनने जोडल्या आणि पाणी भरून तीन दिवस व्हरांड्यात ठेवून बघितली, कुठे गळते का.

पेटी शोभेसाठी नव्हती. दहावीच्या प्रयोगाला हायड्रिला लागते. पाण्यातली ती वनस्पती उन्हात ठेवली की बुडबुडे सोडते आणि मुलं ते मोजतात. चाचा दरवर्षी प्रयोगाच्या आदल्या दिवशी कुठल्या तरी तळ्यावरून ती बाटलीत भरून आणायचे आणि सकाळपर्यंत ती काळी पडायची. "तिले घर सोडवत नाई," ते म्हणाले. म्हणून त्यांनी तिच्यासाठी घर बांधलं. तळाला नाल्याकाठची पोयट्याची माती, चाळून. तिच्यावर पैनगंगेची जाड वाळू. ती वाळू धुताना सातव्या पाण्यालाही त्यांचं समाधान होत नसे. त्यात हायड्रिला आणि लांब फितीसारख्या पानांची आणखी एक वनस्पती. गोगलगायी आपोआप आल्या. चाचांनी त्यांना राहू दिलं, कारण त्या काच साफ करत. "बिनपगारी झाडूवाल्या," ते म्हणत.

मासे गप्पी होते. हिवताप खात्याचे लोक डास कमी व्हावेत म्हणून आरोग्य केंद्रात हे मासे पाळतात आणि मागितले की फुकट देतात. चाचांनी एका पॉलिथिनच्या पिशवीत दहा आणले होते, त्याचे साठेक झाले. नवीन मुलांना ते ओळख करून द्यायचे. "हे सरकारी मासे हायेत. पगार नाई, पेन्शन नाई, फक्त डास खायची ड्यूटी. आन् बदली बी होत नाई, म्हून खुश रायतात."

पेटीला मोटर नव्हती, हवेची नळी नव्हती, बल्ब नव्हता. पूर्वेच्या खिडकीतून सकाळचं ऊन यायचं तेवढंच. एप्रिलमध्ये ऊन वाढलं आणि काचेवर शेवाळ धरायला लागलं की ते मागच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवत. दर सोमवारी आटलेल्या पाण्याच्या जागी दोन मग पाणी. पंधरा दिवसांनी थोडं जुनं काढून तेवढंच घालायचं. वाढलेली हायड्रिला चिमटीने खुडायची. पाण्यात रानबदामाचं एक वाळलेलं पान कायम असे, त्याने पाण्याला फिक्या चहाचा रंग आला होता. माशांना तो मानवतो, असं त्यांचं म्हणणं. एवढंच काम. उरलेला वेळ ते पेटीसमोर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि बघत.

मुलांनाही ते तसंच उभं करत. हात मागे. काचेवर टिचकी मारायची नाही, वर बोट बुडवायचं नाही. कुणी विचारलं, याला अजून काय करायचं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "त्याचं त्याले करू द्या."

मी शाळेत लागण्याआधी प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्येही एक टँक होता. शाळेच्या सेक्रेटरींनी भेट दिलेला. निळे दिवे, बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या, सहा सोनेरी मासे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सहा-सहा तास जाते. मोटर बंद पडायची आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे. मे महिन्यापर्यंत सहाही संपले. मॅडमनी चाचांना बोलावलं.

"तुमच्या त्या साध्या पेटीतले कसे जगतात?"

चाचा म्हणाले, "मॅडम, याले लाइन लागते. आपल्या गावात लाइन कुठं रायते? माह्या पेटीतले झाडंच हवा सोडतात. त्याईले बिल नाई, लोडशेडिंग नाई."

ते खरं तेच बोलले होते. पण केबिनमध्ये त्या वेळी दोन पालक बसले होते आणि ते हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नंतर त्या टँकमध्ये प्लॅस्टिकची फुलं भरली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका पालकाची तक्रार आली. त्यांचा मुलगा घरी 'काऊन' म्हणतो. एवढी फी भरून मुलगा 'व्हाय' म्हणायचं सोडून 'काऊन' म्हणतो. चौकशी झाली आणि हा शब्द लॅबमधून आला असं निघालं. चाचांना सांगण्यात आलं, मुलांशी बोलायचं नाही. गुड मॉर्निंग तेवढं चालेल.

चाचांनी ते पाळलं. मुलं आली की ते "गुड मार्निंग" म्हणत आणि मग तोंडावर बोट ठेवून पेटीसमोर हात मागे बांधून उभे राहत. मुलं त्यांच्यामागे रांगेत तशीच उभी राहत. कुणी काही विचारलं तर ते डोळे मोठे करून माझ्याकडे बोट दाखवत. मीच बोलत नव्हते, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये फार शांतता असे.

"तुमी बी त्या माशावानीच हाय, मॅडम," एकदा डबा खाताना ते म्हणाले. "तोंड हालते, आवाज येत नाई."

मला राग यायला हवा होता. मी हसले. त्या नोकरीत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

आणखी एक गोष्ट सांगते. माझ्या पहिल्याच प्रॅक्टिकलला प्रिन्सिपल मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, बघायला. माझ्यासमोर दहावीची बत्तीस मुलं. मला सगळं पाठ होतं आणि त्यातलं एक अक्षर आठवेना. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. चाचांच्या हातून परीक्षानळ्यांचा स्टीलचा ट्रे पडला होता. काचा, धावपळ, मुलं बाजूला करा, झाडू आणा. मॅडमनी तिथेच चाचांना सुनावलं. ते खाली मान घालून म्हणाले, "हात घसरला, मॅडम." सगळं आवरेपर्यंत दहा मिनिटं गेली आणि तेवढ्यात मला माझं पहिलं वाक्य सापडलं.

काच कापून ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्याच्या हातून ट्रे घसरत नाही. हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी त्यांचे आभार मानले नाहीत. कसे मानायचे ते ठरवत राहिले आणि मग वेळ निघून गेली.

आता पाण्याचं. आमच्या गावात नळ दहा-बारा दिवसांनी येतात. आले की गावभर धांदल उडते. ड्रम, हंडे, बादल्या, पातेली भरायची. घरातलं शिळं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. धुणं, फरशी, गाडी, देव, सगळं त्याच दिवशी धुतलं जातं. त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा उग्र वास असतो. तरी ते ताजं, म्हणून ते चांगलं. चाचांच्या पेटीत ते चालत नसे. लॅबमागच्या व्हरांड्यात त्यांच्या दोन बादल्या होत्या, एक लाल, एक निळी. नळ आले की त्या भरायच्या आणि तीन दिवस उघड्यावर उन्हात ठेवायच्या. लाल बादलीतलं मुरेपर्यंत निळीतलं वापरायचं.

"माणसाले ताजं पानी, माशाले शिळं," ते म्हणत. "ताज्या पान्यात दवा रायते. आपल्या पोटाले चालते, मॅडम. त्याईच्या कल्ल्याले चटका बसते."

मी पुस्तकात क्लोरीन वाचला होता. मी मान हलवली. म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं की मला माहीत नव्हतं.

जानेवारीत एका गुरुवारी चाचा रजेवर गेले. त्यांची मुलगी धाड गावात दिली आहे, तिचं बाळंतपण जवळ आलं होतं. जाताना त्यांनी पेटीत दोन मग पाणी घातलं आणि मला सांगून गेले. "सहा दिसानं येतो, बुधवारी. पेटीले काई करू नोका. उपाशी राह्यले तरी जगतात. त्याचं त्याले करू द्या."

सोमवारी इन्स्पेक्शन होतं. मान्यतेसाठी बाहेरून लोक येणार होते. शनिवारी दुपारी प्रिन्सिपल मॅडम लॅबमध्ये आल्या, पेटीसमोर थांबल्या आणि रुमाल नाकाला लावला. पेटीला वास नव्हता. त्या इंग्रजीत म्हणाल्या, हे काय आहे? गटाराचं पाणी आहे का? सोमवारी मला हे काचेसारखं दिसलं पाहिजे.

पाणी असंच असतं, ते पानामुळे आहे, चाचा येईपर्यंत थांबू या. माझ्या मनात तीन वाक्यं तयार झाली, व्याकरणासकट. तोंडातून आलं ते, "येस मॅम."

मी व्हरांड्यात गेले. दोन्ही बादल्या रिकाम्या होत्या. इन्स्पेक्शनसाठी सफाईच्या मावशींनी त्या पाण्याने पायऱ्या धुतल्या होत्या. आणि त्याच दिवशी बारा दिवसांनी नळ आले होते. मागच्या नळाला पाइप लावून मावशी कुंड्यांना पाणी घालत होत्या. "घ्या मॅडम, ताजंताजं आहे," त्या म्हणाल्या.

मी चाचांना फोन करू शकले असते. नंबर माझ्याकडे होता. पण मला फोनवर बोलायला फार अवघड जातं. समोरच्याच्या घरात कोण असेल, काय चाललं असेल, आपण मधेच कसं बोलायचं. मी मेसेज लिहिला, इंग्रजी अक्षरांत. मग लक्षात आलं, चाचांना ती अक्षरं वाचता येत नाहीत. मी तो पुसला. मराठीत लिहायला घेतलं, 'आदरणीय' लिहू की नको यावर अडले, आणि तोही पुसला. एका फोनचं काम होतं. दोन मिनिटांचं.

मग मी पाइप पेटीत सोडून जुनं पाणी काढलं. थोडं ठेवायचं होतं, पण पिवळेपणा जाईना म्हणून जवळजवळ सगळंच काढलं. बदामाचं पान फेकलं. आतून काच घासली. आणि नळाचं पाणी भरलं. वास माझ्याही नाकात गेला. मला वाटलं, एवढ्या मोठ्या पेटीत काय होणार आहे. वाटलं म्हणण्यापेक्षा, मी तसं ठरवलं. पाणी लख्ख दिसत होतं. मासे भरभर पोहायला लागले आणि ते मला खुशीत आल्यासारखे दिसले. प्रिन्सिपल मॅडम पुन्हा येऊन बघून गेल्या. "व्हेरी गुड," त्या म्हणाल्या. त्या नोकरीतलं माझं पहिलं कौतुक.

रविवारी शाळा बंद. सोमवारी सकाळी साडेआठला मी लॅब उघडली. साठच्या साठ वर तरंगत होते, पांढरी पोटं वर करून. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर पडल्या होत्या. लोक अकराला येणार होते. मॅडमनी मावशींना बोलावलं आणि नऊ वाजेपर्यंत पेटी रिकामी झाली. मासे, पाणी, माती, हायड्रिला, सगळं कुंपणापलीकडे. पेटी धुऊन मागच्या व्हरांड्यात उपडी घातली. मी बाजूला उभी होते. माझे हात माझ्याही नकळत पाठीमागे गेले होते.

इन्स्पेक्शनच्या लोकांनी लॅबमध्ये वास आहे असं वहीत लिहिलं. दुपारी मीटिंग झाली. सेक्रेटरींनी विचारलं, लॅबमधल्या त्या टँकची जबाबदारी कुणाची? खोलीत बावीसजण होतो. प्रिन्सिपल मॅडमची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुढे गेली. "प्यूनची," त्या म्हणाल्या. "न सांगता रजेवर गेला." ते सांगून गेले होते. अर्ज त्यांच्याच टेबलावर होता.

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिते. मला मॅडमचे उपकार वाटले.

बुधवारी चाचा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. गेटपासूनच हसत. नात झाली होती. ते आधी लॅबमध्ये आले, खिडकी बघितली, मग मागे व्हरांड्यात गेले. मी आत बसले होते. मी उठून बघितलं तर ते उपड्या पेटीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी तिला हात लावला नव्हता.

"सगळेच?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मॅडम, तुमी तं इथंच होत्या. शनवारी पानी कसं दिसत होतं?"

मी म्हणाले, "मी बघितलं नाही."

"हाव. तुमाले बी कामं रायतात." ते उठले. बादल्यांजवळ गेले, दोन्हीत नाक घालून हुंगलं. त्या कोरड्या होत्या. "जातानी म्या दोन मग टाकले. निळीतलेच टाकले असन ना? घाई होती, मॅडम. पोरीचा फोन आला होता. लालीतले तं नसन टाकले?"

मग त्यांना हातातल्या पुड्याची आठवण झाली. त्यांनी दोरा सोडला आणि पुडा माझ्यापुढे केला. "घ्या, मॅडम. तोंड गोड करा."

मी पेढा घेतला. आणि त्यांच्यासमोर खाल्ला.

चाचांची लॅबमधून गेटवर बदली झाली. रोज सकाळी मी आत जाताना ते स्टुलावरून उठत आणि काहीतरी नवीन विचारत. दोन मग पाण्याने साठ मासे मरत नाहीत, हे त्यांना कळत होतं. त्यामुळे ते दुसरं काहीतरी शोधत होते. "मॅडम, त्या दिशी माह्या हाताले साबन तं नसन?" दुसऱ्या दिवशी, "स्टीलचा मग सापडत नव्हता. म्या तांब्याच्या लोट्यानं तं नाई टाकलं? तांबं गोगलगायीले मारते." एकदा, "वाळूच्या खाली गॅस धरला असन काय? म्या काडी फिरवाले पाह्यजे होती." प्रत्येक कारण त्यांच्या स्वतःच्या हातात येऊन संपत होतं. दुसऱ्या कुणी पाण्याला हात लावला असेल असं त्यांच्या एकदाही मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यांनी ते माझ्यासमोर काढलं नसेल. मला आजही ठरवता येत नाही.

माझं उत्तर ठरलेलं होतं. "माहीत नाही, चाचा."

मार्चमध्ये त्यांनी विचारणं बंद केलं. नुसतं "गुड मार्निंग" म्हणायचे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गेटवर कंपनीचा सिक्युरिटी गार्ड होता. चाचांना पुढच्या वर्षासाठी बोलावलं नव्हतं. दरम्यान शाळेच्या हॉलमध्ये नवीन टँक आला. त्याला इन्व्हर्टर आहे. त्यात परदेशी मासे आहेत आणि पालक त्यासमोर मुलांचे फोटो काढतात.

हे सगळं मी गेल्या वर्षभरात कुणालाही सांगितलं नाही. घरी नाही, मैत्रिणीला नाही. स्वतःला मी सांगत होते की एका नवीन मुलीला दुसरं काय करता आलं असतं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की ते गुळगुळीत झालं. मग गणिताच्या मॅडमनी डब्याचं झाकण उघडलं.

रविवारी मी जीपने अमडापूरला गेले. एकटी. जीपमधून उतरून एका किराणा दुकानात घर विचारलं, तेव्हा त्यांचं पूर्ण नाव मला पहिल्यांदा उच्चारावं लागलं. दुकानदाराने बोट दाखवलं. "ते शाळेवाले? मशिदीमागची गल्ली, हिरवं दार. तुमी शाळेतून आल्या काय?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "कोणी आलं नाई शाळेतून. तुमीच पयल्या."

अंगणात सिमेंटचं एक चौकोनी टाकं होतं, कमरेएवढं उंच. आत कडबा भरलेला. बाजूला शेळी बांधली होती. चाची आतल्या खोलीत पांढरी ओढणी घेऊन बसल्या होत्या. धाडची मुलगी आली होती, मांडीवर एक वर्षाची नात. मी शाळेतून आले म्हटल्यावर चाचींनी मला जवळ बसवलं आणि माझा हात धरून ठेवला. मी सलाम करायचा की नमस्कार याचा विचार जीपमध्ये करून आले होते. त्यांनी दोन्हींना वेळ दिला नाही.

"लॅबवाल्या मॅडम तूच काय? लय सांगत तुह्यं. म्हनत, पोरगी चूप रायते, पन समजदार हाय."

मुलीने चहा आणला. मी बाहेरच्या टाक्याकडे बघत होते. चाचींच्या ते लक्षात आलं.

"त्याच्यात बी मासे होते त्याईचे. पोरीच्या जन्माआधीपासून. शाळेतलं झालं, मंग घरी आले आन् एक दिवस बसून सगळं काढलं. मासे नेऊन तळ्यात सोडले. म्या म्हनलं, काऊन? तं म्हने, माह्या हाताले काई तरी झालं. आता माह्या हातानं जीव पाळू नाई." त्यांनी ओढणीने नाक पुसलं. "मंग नातीले बी उचलत नोते. घ्या म्हनलं तं म्हनत, तूच घे, माह्या हातानं नोको."

मुलगी म्हणाली, "अम्मी, राहू दे ना आता."

"राहू कसं देऊ? वर्षभर राती उठून बसत. दवाखान्यात बी तेच. मग कोनता होता, बकेट कोनती होती." चाची माझ्याकडे वळल्या. हात अजून सोडला नव्हता. "बेटी, तू तं शिकेल हायस. तिथंच होती तू. आता ते गेले, आता कायचं कोणाले वाईट वाटनार हाय. मले खरं सांग. काय चुकलं होतं त्याईचं?"

मांडीवरची नात माझ्या घड्याळाकडे हात करत होती. माझ्या मनात वाक्यं तयार व्हायला लागली. मी ती तयार होऊ दिली नाहीत.

"चाची, त्याईचं काईच नाई चुकलं," मी म्हणाले. "शनवारी नळ आले होते. पेटीतलं सगळं पानी म्या बदललं."